केंद्र सरकारचा रुपया येतो कुठून, जातो कुठे : अर्थसंकल्प पहिल्यांदाच उघडणाऱ्यांसाठी

दरवर्षी १ फेब्रुवारीला सकाळी अकरा वाजता अर्थमंत्री लोकसभेत उभे राहतात, घरोघरी टीव्ही लागतो आणि दीड-दोन तासांच्या भाषणात बहुतेकांचे कान एकाच वाक्याकडे लागलेले असतात : प्राप्तिकराचे टप्पे बदलले का? ते वाक्य येऊन गेले की टीव्हीचा आवाज कमी होतो. ज्याला त्याला आधी आपला खिसा दिसणार, हे स्वाभाविकच आहे. मात्र ज्याला सरकारचा खिसा समजून घ्यायचा आहे, त्याने भाषण बाजूला ठेवून त्याच्यासोबत सभागृहापुढे मांडले जाणारे कागद उघडावेत. हे कागद वाटतात तितके अवघड नसतात. त्यांची मांडणी वर्षानुवर्षे जवळपास तीच असते, आणि एकदा ती समजली की कोणत्याही वर्षाचा अर्थसंकल्प एका संध्याकाळी वाचून होतो.

या लेखात उदाहरण म्हणून २०२५-२६ चा, म्हणजे निर्मला सीतारामन यांनी १ फेब्रुवारी २०२५ रोजी मांडलेला अर्थसंकल्प घेतला आहे. आकडे दरवर्षी बदलतील. वाचण्याची रीत तीच राहील.

पायरी १ : एकच पुस्तिका आणि चार रकाने

अर्थ मंत्रालयाच्या अर्थसंकल्पाच्या संकेतस्थळावर सगळे कागद विनामूल्य मिळतात, तेही हिंदी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत. त्यांत वार्षिक वित्तीय विवरणपत्र असते, जमेचे आणि खर्चाचे सविस्तर खंड असतात, करबदलांचे वित्त विधेयक असते. नवख्या वाचकाने यांपैकी काहीही प्रथम उघडू नये. ‘बजेट ॲट अ ग्लान्स’ या इंग्रजी नावाची छोटी पुस्तिका तेवढी उतरवून घ्यावी. सुरुवातीला तिची पहिली काही पाने पुरेशी आहेत.

पहिल्याच तक्त्यात आकड्यांचे चार रकाने दिसतात. आपल्या उदाहरणात ते २०२३-२४ चे प्रत्यक्ष आकडे, २०२४-२५ चा अर्थसंकल्पीय अंदाज, २०२४-२५ चाच सुधारित अंदाज आणि २०२५-२६ चा अर्थसंकल्पीय अंदाज असे आहेत. म्हणजे दोन वर्षांपूर्वी खरोखर काय झाले, गेल्या वर्षी काय करू म्हटले होते, ते करता करता आकडा कुठवर आला, आणि येत्या वर्षी काय करू म्हणतात. सरकार काय बोलते आणि काय करते यांतले अंतर मोजायला या चार रकान्यांइतके सोपे साधन दुसरे नाही, आणि ते सरकार स्वतःच छापून देते.

उदाहरणार्थ, रस्ते, रेल्वे, संरक्षण सामग्री यांसारख्या टिकाऊ गोष्टींवरचा भांडवली खर्च २०२४-२५ साठी ११.११ लाख कोटी रुपये ठरला होता. सुधारित अंदाजात तो १०.१८ लाख कोटींवर आला आणि २०२५-२६ साठी ११.२१ लाख कोटींचा नवा आकडा मांडला गेला. आता ही वाढ किती? मूळ अंदाजाशी तुलना केली तर जेमतेम एक टक्का, सुधारित अंदाजाशी केली तर दहा टक्के. दोन्ही उत्तरे गणिताने बरोबर आहेत, आणि कोणते उत्तर मथळ्यात घ्यायचे ते मथळा लिहिणारा आपल्या सोयीने ठरवतो. ‘कशाच्या तुलनेत’ आणि ‘कशाच्या किती टक्के’ हे दोन प्रश्न विचारायची सवय इथेच लावून घ्यावी, कारण पुढे प्रत्येक पायरीवर त्यांची गरज पडणार आहे.

लाख कोटी ही रक्कम डोळ्यांपुढे उभी राहत नाही, त्यासाठी एक घरगुती माप सांगतो. देशाची लोकसंख्या १४० कोटी धरली, तर एक लाख कोटी रुपये म्हणजे माणशी सातशे रुपयांच्या थोडे वर. २०२५-२६ चा एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी होता, म्हणजे माणशी सुमारे छत्तीस हजार रुपये. पाच माणसांच्या कुटुंबाच्या नावे वर्षाला एक लाख ऐंशी हजार रुपये केंद्र सरकार खर्च करते, असे म्हटले की आकड्याला थोडा आकार येतो.

पायरी २ : पैसा कोणत्या पेटीत आहे ते ओळखा

राज्यघटनेने केंद्राच्या पैशासाठी तीन पेट्या केल्या आहेत. अनुच्छेद २६६ नुसार कर, इतर उत्पन्न आणि सरकारने घेतलेली कर्जे भारताच्या संचित निधीत जमा होतात. संसदेने कायदा करून परवानगी दिल्याशिवाय या पेटीतून एक रुपयाही बाहेर काढता येत नाही. दुसरी पेटी लोकलेख्याची. भविष्य निर्वाह निधी, अल्पबचतीच्या ठेवी, ठेकेदारांच्या अनामत रकमा असा जो पैसा सरकारचा नसून सरकारकडे केवळ सांभाळायला असतो, तो इथे राहतो आणि तो परत करायला संसदेची परवानगी लागत नाही. तिसरी पेटी अनुच्छेद २६७ मधील आकस्मिकता निधीची. अचानक आपत्ती आली आणि संसदेची वाट पाहणे शक्य नसले तर यातून खर्च करता येतो आणि नंतर संसदेच्या मंजुरीने तो भरून काढावा लागतो. बराच काळ हा निधी ५०० कोटींचा होता. २०२१ मध्ये तो ३०,००० कोटींचा करण्यात आला.

बहुतेक वादविवाद पहिल्या पेटीभोवती असतात. तिला दोन कुलुपे आहेत. अनुच्छेद २६५ म्हणतो की कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसवता किंवा वसूल करता येणार नाही, आणि अनुच्छेद ११४ म्हणतो की विनियोजन कायद्याशिवाय निधीतून पैसा काढता येणार नाही. घेण्याला वेगळी परवानगी, खर्चण्याला वेगळी. कोणताही आकडा समोर आला की तो या दोहोंपैकी कोणत्या कुलपाशी आहे ते पाहावे.

पायरी ३ : जमेची बाजू वाचा

२०२५-२६ मध्ये केंद्राच्या करांतून एकूण ४२.७० लाख कोटी रुपये अपेक्षित होते. त्यात प्राप्तिकर १४.३८ लाख कोटी, वस्तू व सेवा कर ११.७८ लाख कोटी, कंपन्यांच्या नफ्यावरचा कर १०.८२ लाख कोटी आणि उरलेले मुख्यतः उत्पादन शुल्क आणि सीमाशुल्क यांचे. यातली एक गोष्ट थांबून पाहण्यासारखी आहे : व्यक्तींनी भरलेला प्राप्तिकर कंपन्यांच्या करापेक्षा मोठा आहे. कर बड्या कंपन्याच भरतात अशी समजूत अजूनही पुष्कळांची असते; आकडे तसे सांगत नाहीत. आणि प्राप्तिकराच्या विवरणपत्राशी ज्याचा कधी संबंध आला नाही, तोही साबण, चप्पल, मोबाइलचे रिचार्ज यांवर वस्तू व सेवा कर भरतच असतो. करदाते म्हणजे मूठभर लोक, हे वाक्य ऐकू आले की वस्तू व सेवा कराचा हा आकडा आठवावा.

आता यातली महत्त्वाची वजाबाकी. ४२.७० लाख कोटी सगळे केंद्राचे नसतात. अनुच्छेद २८० नुसार दर पाच वर्षांनी नेमला जाणारा वित्त आयोग केंद्रीय करांतला राज्यांचा वाटा ठरवण्याची शिफारस करतो. पंधराव्या वित्त आयोगाने तो ४१ टक्के ठेवला होता आणि २०२५-२६ हे त्या शिफारशींचे शेवटचे वर्ष. त्या हिशेबाने राज्यांना १४.२२ लाख कोटी द्यायचे होते. चिकित्सक वाचक इथे लगेच म्हणेल की ४२.७० च्या ४१ टक्के म्हणजे साडेसतरा व्हायला हवेत, मग सव्वाचौदाच कसे? वाटणी एकूण वसुलीतून होत नाही, वाटपयोग्य करांतून होते. उपकर (ठरावीक कामासाठी घेतलेला जादा कर) आणि अधिभार (करावरचा कर) त्यातून वगळलेले असतात, कारण ते पूर्णपणे केंद्राकडे राहतात. पेट्रोलवरच्या केंद्रीय करात मूळ उत्पादन शुल्काचा भाग लहान आणि उपकर-अधिभारांचा मोठा आहे, त्यामुळे राज्यांना वाटा मिळतो तो त्या लहान भागातूनच. पक्ष कोणताही असो, राज्यांचे अर्थमंत्री ज्या तक्रारीवर एकमुखाने बोलतात ती हीच, आणि माझ्या मते ती तक्रार रास्त आहे.

राज्याराज्यांतली वाटणी सूत्राने होते. पंधराव्या आयोगाच्या सूत्रात राज्याचे दरडोई उत्पन्न श्रीमंत राज्यांपेक्षा किती कमी आहे याला ४५ टक्के वजन होते. लोकसंख्या आणि क्षेत्रफळ यांना प्रत्येकी १५, उरलेले लोकसंख्या नियंत्रण, वने आणि करवसुलीतील प्रयत्न यांना. त्यातून महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के आला, म्हणजे २०२५-२६ मध्ये सुमारे ९० हजार कोटी रुपये, आणि गोव्याचा ०.३८६ टक्के, म्हणजे सुमारे साडेपाच हजार कोटी. महाराष्ट्र देतो किती आणि त्याला परत मिळते किती, हा आपल्याकडचा आवडता हिशेब आहे. तो करताना एवढे लक्षात ठेवावे की ज्या कंपनीचे मुख्य कार्यालय मुंबईत आहे तिचा प्रत्यक्ष कर मुंबईच्या खात्यावर दिसतो, मग तिचे कारखाने झारखंडमध्ये असोत आणि गिऱ्हाईक बिहारमध्ये असोत.

वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून सुरू झाला आणि त्याचे दर अर्थमंत्र्यांच्या भाषणात ठरत नाहीत. ते केंद्र आणि राज्ये मिळून बनलेल्या परिषदेत ठरतात. तिथे केंद्राच्या मताला एक तृतीयांश वजन असते, सर्व राज्यांच्या मतांना मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागते. म्हणून अर्थसंकल्पाच्या दिवशी कशावरचा वस्तू व सेवा कर कमी झाला हे शोधण्यात वेळ घालवू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वस्तूंसाठी ५ आणि १८ टक्के हे दोन मुख्य दर राहिले, तो बदलही परिषदेतून आला, अर्थसंकल्पातून नव्हे.

राज्यांचा वाटा गेल्यावर केंद्राच्या हाती २८.३७ लाख कोटींचा निव्वळ कर उरतो. त्यात करेतर उत्पन्नाचे ५.८३ लाख कोटी मिळवायचे. या करेतर उत्पन्नाचा सर्वांत मोठा स्रोत म्हणजे रिझर्व्ह बँकेचा वाढावा आणि सरकारी बँका व कंपन्यांचा लाभांश. मे २०२५ मध्ये एकट्या रिझर्व्ह बँकेने सुमारे २.६९ लाख कोटी रुपये सरकारला दिले. निव्वळ कर आणि करेतर उत्पन्न मिळून ३४.२० लाख कोटींची महसुली जमा होते. शिवाय सरकारी कंपन्यांचे भाग विकून आणि दिलेली कर्जे वसूल करून ७६ हजार कोटी अपेक्षित होते. पूर्वी ज्या निर्गुंतवणुकीवर अग्रलेखांमागून अग्रलेख लिहिले गेले, ती आता जमेच्या बाजूला कोपऱ्यात जाऊन बसली आहे.

पायरी ४ : कर्ज हेही ‘जमा’ म्हणूनच लिहिलेले असते

खर्च ५०.६५ लाख कोटी, कर्ज सोडून जमा ३४.९६ लाख कोटी. मधली १५.६९ लाख कोटींची दरी म्हणजे राजकोषीय तूट, आणि ती कर्जाने भरली जाते. नवख्या वाचकाचा गोंधळ इथेच होतो, कारण तक्त्यात जमा आणि खर्च यांच्या बेरजा तंतोतंत जुळलेल्या दिसतात आणि मग तूट कुठे गेली तेच कळत नाही. ती जमेच्या बाजूलाच, ‘कर्ज आणि इतर दायित्वे’ या ओळीत असते.

ही तूट देशाच्या एकूण उत्पन्नाच्या म्हणजे जीडीपीच्या ४.४ टक्के होती. कोविडच्या वर्षी, २०२०-२१ मध्ये, ती ९ टक्क्यांच्या वर गेली होती. २००३ च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्याने ती ३ टक्क्यांवर आणायचे ठरवले होते; ते उद्दिष्ट इतक्या वेळा पुढे ढकलले गेले की आता सरकारने मोजपट्टीच बदलली आहे आणि मार्च २०३१ पर्यंत एकूण कर्ज जीडीपीच्या सुमारे ५० टक्क्यांवर आणण्याचे नवे उद्दिष्ट ठेवले आहे.

कर्ज देते कोण? जागतिक बँक, परदेशी सरकारे अशी नावे पटकन मनात येतात, पण केंद्राच्या कर्जात परदेशी भाग लहान आहे. मुख्य कर्ज देशातच, रोख्यांच्या लिलावातून उभे राहते आणि तो लिलाव सरकारच्या वतीने रिझर्व्ह बँक करते. २०२५-२६ साठी १४.८२ लाख कोटींचे रोखे विकायचे ठरले होते. त्यातले सुमारे सव्वातीन लाख कोटी जुने कर्ज फेडण्यात जाणार, म्हणून निव्वळ आकडा ११.५४ लाख कोटी. रोखे घेणारे म्हणजे बँका, आयुर्विमा महामंडळ, भविष्य निर्वाह निधी, म्युच्युअल फंड. बँकांना आपल्या ठेवींचा ठरावीक भाग असल्या सुरक्षित रोख्यांत ठेवावाच लागतो. तेव्हा ज्याचे बचत खाते आहे किंवा विम्याचा हप्ता चालू आहे, त्याने अप्रत्यक्षपणे सरकारला कर्ज दिलेलेच असते. तुटीतील उरलेल्या भागात टपाल कार्यालयातील अल्पबचत, पीपीएफ, सुकन्या समृद्धी यांचा पैसा येतो. नोव्हेंबर २०२१ पासून सामान्य माणसालाही रिझर्व्ह बँकेच्या ‘रिटेल डायरेक्ट’ खात्यातून दहा हजार रुपयांपासून हे रोखे थेट घेता येतात. करात वाढ झाली की आरडाओरड होते आणि कर्जात वाढ झाली की कोणी बोलत नाही, याचे कारण कदाचित हेच असावे की कर्ज देणाऱ्याला आपण ते देतो आहोत हे ठाऊकच नसते.

सरकारचे कर्ज उभे करणारी बँक आणि ते मागणारे खाते, या दोन्ही खुर्च्यांवर बसलेला एक मराठी माणूस होऊन गेला. रायगड जिल्ह्यातले चिंतामणराव देशमुख १९४३ ते १९४९ या काळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते आणि १९५० ते १९५६ या काळात देशाचे अर्थमंत्री. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी ते मंत्रिपद सोडले.

पायरी ५ : संसदेची परवानगी कशी मिळते ते पाहा

अर्थसंकल्पाची तयारी आदल्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होते, जेव्हा अर्थ मंत्रालय सर्व खात्यांना परिपत्रक पाठवून त्यांचे अंदाज मागवते. १ फेब्रुवारीला कागद मांडले जातात, काही दिवस सर्वसाधारण चर्चा होते, मग सभागृहाला सुट्टी असते आणि त्या सुट्टीत खात्यांशी संलग्न स्थायी समित्या प्रत्येक मंत्रालयाच्या अनुदान मागण्या, म्हणजे खर्चासाठी मागितलेल्या रकमा, तपासतात. त्यानंतर लोकसभेत मागण्यांवर मतदान होते. या समित्यांचे अहवाल भाषणापेक्षा कितीतरी उपयुक्त असतात, कारण तिथे अधिकाऱ्याला बसवून ‘गेल्या वर्षी दिलेला पैसा का खर्चला नाही’ असे थेट विचारलेले असते.

सगळ्या खर्चावर मतदान होत नाही. महाराष्ट्र विधिमंडळाच्या अर्थसंकल्पीय कागदांत ‘दत्तमत’ आणि ‘भारित’ असे दोन सुबक शब्द वापरलेले दिसतात. दत्तमत म्हणजे ज्यावर सभागृह मत देते तो खर्च. भारित म्हणजे जो निधीवर कायमचा भार आहे आणि ज्यावर चर्चा होऊ शकते, मतदान नाही. केंद्रातही तीच विभागणी आहे. राष्ट्रपती, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश, नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचे वेतन भारित असते, आणि कर्जावरचे व्याज व परतफेडही. म्हणजे खर्चाची सर्वांत मोठी ओळ संसदेच्या मतापलीकडची आहे.

मतदानाच्या खर्चातही मोजक्याच मंत्रालयांवर प्रत्यक्ष चर्चा होते. ठरलेल्या शेवटच्या दिवशी उरलेल्या सर्व मागण्या एकत्र मताला टाकल्या जातात. त्याला ‘गिलोटिन’ म्हणतात आणि नाव अगदी समर्पक आहे. लाखो कोटींच्या मागण्या काही मिनिटांत संमत होतात. विरोधी सदस्यांना कपात सूचना मांडता येतात, धोरणच अमान्य असल्यास मागणी एक रुपयावर आणा अशीही सूचना देता येते, पण अशी सूचना संमत होणे म्हणजे सरकारवरचा अविश्वास मानला जातो, त्यामुळे बहुमत असलेल्या सरकारला तिची भीती नसते. मागण्यांनंतर विनियोजन विधेयक, करांसाठी वित्त विधेयक. राज्यसभा ही विधेयके अडवू शकत नाही, चौदा दिवसांत शिफारशींसह किंवा शिफारशींविना परत करू शकते.

२०१७ पूर्वी अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या अखेरीस येत असे, मंजुरीला मे उजाडे आणि तोवर लेखानुदानावर, म्हणजे काही महिन्यांच्या खर्चाच्या तात्पुरत्या मंजुरीवर, काम चाले. खात्यांच्या हाती वर्षाचा पूर्ण पैसा येईपर्यंत पावसाळा तोंडावर आलेला असे आणि रस्त्यांची कामे दसऱ्याच्या पुढे जात. तारीख महिनाभर अलीकडे आणण्यामागे हे साधे कारण होते. त्याच वर्षापासून १९२४ पासूनचा वेगळा रेल्वे अर्थसंकल्पही मुख्य अर्थसंकल्पात विलीन झाला. लेखानुदान आता मुख्यतः निवडणुकीच्या वर्षीच ऐकू येते.

पायरी ६ : खर्चाची बाजू, आणि टक्केवारीचा सापळा

वर्तमानपत्रांत ‘रुपया जातो कुठे’ असे नाण्याचे गोल चित्र छापून येते. २०२५-२६ च्या चित्रात राज्यांचा करांतला वाटा २२ पैसे, व्याज २० पैसे, केंद्राच्या स्वतःच्या योजना १६ पैसे, संरक्षण ८ पैसे असे भाग होते. चित्र खरे आहे, पण त्यातला रुपया कोणता हे कोणी सांगत नाही. त्यात राज्यांना द्यायचे १४.२२ लाख कोटीही धरलेले असतात, जे ५०.६५ लाख कोटींच्या खर्चात मुळात मोजलेले नाहीत. आता व्याजाची एकच ओळ घ्या : १२.७६ लाख कोटी रुपये. चित्रातल्या मोठ्या रुपयाच्या हिशेबाने ती २० पैसे. प्रत्यक्ष खर्चाच्या हिशेबाने २५ पैसे. आणि सरकारच्या महसुली जमेच्या, म्हणजे कर्ज न काढता हाती येणाऱ्या उत्पन्नाच्या हिशेबाने ३७ पैसे. घरात ज्याचा पगार शंभर रुपये आहे आणि ज्याला त्यातले सदतीस रुपये फक्त व्याजापोटी द्यावे लागतात, त्या माणसाच्या आर्थिक प्रकृतीचे वर्णन आपण काय करू, ते करून पाहावे.

व्याजानंतरच्या काही मोठ्या ओळी म्हणजे संरक्षण (निवृत्तिवेतन सोडून ४.९१ लाख कोटी), निवृत्तिवेतन (२.७७ लाख कोटी), अन्न अनुदान (२.०३ लाख कोटी) आणि खत अनुदान (१.६८ लाख कोटी). यांपैकी कशालाही कोणताही अर्थमंत्री एका वर्षात फारसा हात लावू शकत नाही. सरकार मनात आणील तसे खर्च करते, हा समज इथे गळून पडतो. मनात आणण्याजोगा भाग फार थोडा उरतो.

योजनांत दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे ओळखणे आवश्यक आहे. केंद्रीय क्षेत्र योजनेचा सगळा पैसा केंद्राचा. पीएम किसान ही तशी. केंद्र पुरस्कृत योजनेत राज्यालाही वाटा घालावा लागतो, साधारणपणे ६० : ४० या प्रमाणात, आणि ईशान्येकडील व हिमालयातील राज्यांसाठी ९० : १०. समग्र शिक्षा ही या प्रकारातली. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या खात्यात पीएम किसानचे वर्षाला सहा हजार येतात आणि नमो शेतकरी योजनेचे आणखी सहा हजार. खाते एक, शेतकरी एक, पण पहिले सहा हजार दिल्लीच्या अर्थसंकल्पात शोधायचे आणि दुसरे मुंबईच्या. लाडकी बहीण योजना तर पूर्णपणे राज्याची आहे. केंद्राच्या कागदांत ती कितीही शोधली तरी सापडणार नाही.

विशिष्ट कामासाठी गोळा केलेल्या उपकराचे काय होते, तेही एकदा पाहण्यासारखे आहे. एका कारणासाठी एक कर ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर १९७५ मध्ये रोजगार हमी योजनेच्या खर्चासाठीच सुरू झाला होता. केंद्राच्या उपकराचा पैसा आधी संचित निधीत येतो आणि मग संसदेच्या मंजुरीने त्या कामाच्या राखीव निधीत वळवायचा असतो. काही उपकरांची पूर्ण रक्कम अशी वळवली गेली नाही, हे महालेखापरीक्षकांनी आपल्या अहवालांत नोंदवले आहे.

आणखी एक ठिकाण नजरेखालून घालावे : अर्थसंकल्पाबाहेरचे कर्ज. अन्न अनुदानाचा पुरेसा पैसा न देता भारतीय अन्न महामंडळाला अल्पबचत निधीतून कर्ज घ्यायला लावले, की अनुदान लोकांना मिळते, तूट मात्र कागदावर कमी दिसते. काही वर्षे असे चालले. २०२०-२१ मध्ये ही थकबाकी एकदम अर्थसंकल्पात घेतली गेली आणि अन्न अनुदानाचा १.१५ लाख कोटींचा मूळ अंदाज सुधारित अंदाजात ४.२२ लाख कोटी झाला. त्यात कोविड काळातल्या मोफत धान्याचाही भाग होता. हिशेब स्वच्छ करण्याच्या त्या निर्णयाला श्रेय द्यायलाच हवे. ही उसनवारी आधीच्या अर्थसंकल्पांच्या परिशिष्टांत छापलेली होती आणि ती वाचणारे फार थोडे होते, हेही तितकेच खरे.

पायरी ७ : मंजूर पैसा आणि सुटलेला पैसा

विनियोजन कायदा झाला म्हणजे मंत्रालयाच्या हाती रोकड आली असे नाही. प्रत्येक मंत्रालय महिन्याचा आणि तिमाहीचा खर्च आधी ठरवते, त्याचा वित्तीय सल्लागार प्रस्ताव तपासतो, वेतन व लेखा कार्यालय देयक मंजूर करते आणि सार्वजनिक वित्त व्यवस्थापन प्रणालीतून आदेश निघून रक्कम बँक खात्यात जाते. राज्याकडे गेलेल्या पैशाचे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे तो ठरल्या कामावर खर्चल्याचा दाखला, आले नाही तर पुढचा हप्ता अडतो. गावातले काम ‘निधी आला नाही’ म्हणून थांबलेले असते, तेव्हा पुष्कळदा निधी मंजूर असतो आणि प्रमाणपत्र कुठल्यातरी टेबलावर असते.

मार्चअखेर ही आपल्या भाषेतली एक स्वतंत्र ऋतुसंज्ञाच आहे. ३१ मार्चला न खर्चलेला पैसा परत जातो, म्हणून शेवटच्या दिवसांत देयकांचा पूर येतो. यावर अर्थ मंत्रालयाचा नियम असा की खात्याने शेवटच्या तिमाहीत वर्षाच्या ३३ टक्क्यांहून अधिक आणि एकट्या मार्चमध्ये १५ टक्क्यांहून अधिक खर्च करू नये. अधिक पैसा लागला तर पुरवणी मागण्या मांडाव्या लागतात.

हे सगळे दर महिन्याला पाहता येते. लेखा महानियंत्रक दर महिनाअखेरीस आधीच्या महिन्यापर्यंतची जमा, खर्च आणि तूट जाहीर करतात. तो तक्ता एका पानाचा असतो.

पायरी ८ : हिशेब कोण तपासतो

वर्ष संपल्यावर नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, लेखे तपासतात आणि त्यांचे अहवाल राष्ट्रपतींमार्फत संसदेपुढे येतात. पुढे लोकलेखा समिती, ज्यात लोकसभेचे पंधरा आणि राज्यसभेचे सात सदस्य असतात, त्यांतले निवडक मुद्दे घेऊन सचिवांची तपासणी करते. १९६७ पासून तिचा अध्यक्ष विरोधी पक्षाचा असावा असा संकेत आहे. विनियोजन लेख्यांत ‘बचत’ हा शब्द दिसला की फसू नये. तिथे बचत म्हणजे काटकसर नव्हे, मंजूर होऊनही न खर्चलेला पैसा. एखाद्या शाळेच्या किंवा दवाखान्याच्या ओळीपुढे मोठी बचत असेल, तर ते काम झाले नाही असाच त्याचा अर्थ बहुधा निघतो.

सरावासाठी आपल्या जवळची एकच योजना निवडावी, शिक्षणातली, सिंचनातली किंवा घरकुलाची, आणि वहीत तिच्यापुढे तीन रकाने आखावेत : अंदाज, सुधारित अंदाज, प्रत्यक्ष. लागोपाठच्या तीन-चार वर्षांच्या कागदांतून हे आकडे भरायला अर्धा तास लागतो. २०२५-२६ चा अंदाज १ फेब्रुवारी २०२५ च्या कागदांत आहे, सुधारित अंदाज त्यानंतरच्या वर्षीच्या कागदांत, आणि प्रत्यक्ष आकडा २०२७-२८ च्या अर्थसंकल्पात पहिल्या रकान्यात छापला जाईल. तोवर वहीतला तो चौकोन रिकामा ठेवावा.